अडल्यावेळचा भाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या शुभदिनी मी कायद्यावर चार शब्द बोलावेत अशी आपली आज्ञा झाली. मी वकील नाही, दुकानदाराच्या घरची सून आहे. म्हणून कायद्याआधी माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली आणि किल्लारी, सास्तूर अशी गावेच्या गावे मातीत गेली. सुमारे ८,००० माणसे मेली. उमरग्याला आमचे दुकान मात्र शाबूत राहिले. मामंजी आणि घरचे पुरुष मदतीला गेले आणि गल्ल्यावर मी बसले.

दुपारपासून ताडपत्रीला गिऱ्हाईक येऊ लागले. घर पडलेले, वर पावसाचे दिवस. कोणीतरी सांगितले, "वहिनी, बाजारात भाव वाढलाय." साठ रुपयांची ताडपत्री मी नव्वदला दिली. खेड्यावरची एक बाई आली. तिने पदराची गाठ सोडली, पैसे मोजले, घासाघीस केली नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात ना! रात्री वही पाहून मामंजींनी एवढेच विचारले, "सूनबाई, माल आपण कोणत्या भावाने आणला होता?" दुसऱ्या दिवसापासून ताडपत्री साठालाच विकली. पण त्या बाईचे तीस रुपये परत द्यायचे कोणाला? ती पुन्हा दिसली नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आहे. त्याने सरकारला भाव, साठा आणि वाटप ठरविता येते. आदेश मोडणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काळा बाजार करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करण्याचा १९८० चा कायदाही आहे. परंतु १९५५ चा कायदा यादीवर चालतो. धान्य, तेल, औषधे, खते, रॉकेल-पेट्रोल यादीत आहेत, ताडपत्री नव्हती. म्हणजे त्या दिवशी माझ्यावर या कायद्याचा हात पडला नसता.

यादी वाढविता येते, हे २०२० साली आपण पाहिले. करोनाच्या साथीत मास्क दिसेनासे झाले, तेव्हा १३ मार्चला केंद्र सरकारने मास्क व सॅनिटायझर यादीत घातले. आठवडाभरातच तीन पदरी मास्कला १० रुपये, दोन पदरीला ८ रुपये आणि २०० मिलिलिटर सॅनिटायझरला १०० रुपये अशी कमाल किंमत ठरली. ही व्यवस्था ३० जूनपर्यंत होती. संकट आधी आले, यादी मागाहून आली, हेही ध्यानात ठेवावे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने दुसरी वाट धरली. आपल्या भूकंपानंतर साडेतीन महिन्यांनी, जानेवारी १९९४ मध्ये, तेथेही मोठा भूकंप झाला. त्यानंतर त्यांनी कायदा केला, की आणीबाणी जाहीर झाल्यावर ठराविक दिवस आधीच्या भावापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढ करता येणार नाही. मात्र व्यापाऱ्यास माल खरोखर महाग पडला, तर तो वाढीव खर्च घेता येतो. मला हे रास्त वाटते. गाडीभाडे वाढले तर दुकानदाराने पदरचे घालावे असे कोणी म्हणणार नाही. भाव फारच दाबला तर मालच दडतो. परंतु जुन्या भावाने आणलेला माल, केवळ समोरचा अडला म्हणून, दीडपटीने विकणे याला व्यापार म्हणत नाहीत.

आपल्याकडे असा सरसकट टक्केवारीचा नियम नाही. दुष्काळात आपण विकत घेतो तो टँकर पाहा. पाण्याच्या बाटलीवर किंमत छापलेली असते, तिच्याहून एक रुपया जास्त घेणे गुन्हा आहे. पण टँकरच्या पाण्यावर कसला छाप? तो यादीतही नाही.

मग आपण काय करावे? १९७२ च्या दुष्काळात मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि मुंबईच्या भगिनी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. वेळ आली तर आपणही उतरू. पण त्याआधी एक साधे काम करू. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मंडळाच्या वहीत वीस वस्तूंचे गावातले भाव लिहून ठेवू. तेल, डाळ, ताडपत्री, मेणबत्ती, चारा, टँकरची खेप, सारे. संकटात "कालचा भाव काय होता?" या प्रश्नाला आपल्याकडे लेखी उत्तर असेल. पावती मागून घ्यावी. छापील किमतीहून जास्त घेतले तर १९१५ या ग्राहक क्रमांकावर कळवावे, धान्य-तेलाचा साठा दडविला तर तहसिलीच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्यावा. जे यादीत नाही, ते यादीत घ्यावे म्हणून वहीचा उतारा जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन द्यावे.

आणि आपल्यात माझ्यासारख्या दुकानदारांच्या घरच्या पुष्कळजणी आहेत. वहीचा पहिला भाव आपणच सांगू या. ताडपत्रीचा भाव मी आजच लिहून दिला आहे.