सहातला एक सिलिंडर

(शरद व्याख्यानमाला, मिरजगाव येथे दिलेले व्याख्यान)

मंडळी, पाऊस उघडला की आपल्या भागात एक आवाज हमखास कानावर येतो. साखर कारखान्याचा पट्टा पडल्यापासून, म्हणजे गाळप संपल्यापासून वस्तीवर लिंबाखाली उभा असलेला ट्रक चालू होतो. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, खोकतं, पांढरा धूर सोडतं आणि मग लंगडत चालायला लागतं. आपण म्हणतो, गाडी मिसिंग मारते. इकडे ऊसतोडीची टोळी निघायला आठ दिवस राहिलेले असतात, मुकादमाने उचल वाटलेली असते, हप्त्याची तारीख डोक्यावर असते. या घाईत माणूस म्हणतो, उतरवा पंप, खोला हेड. मी आज उभा आहे तो ही घाई थांबवा म्हणून सांगायला. कुठला सिलिंडर बंद आहे आणि का, हे कळेपर्यंत पाना लावू नका. आणि ते कळायला नगर गाठावं लागत नाही. बऱ्याचदा लिंबाखालीच कळतं.

आधी इंजिनाचं बोलू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाने ऑग्सबर्गला 1897 साली जे इंजिन यशस्वी करून दाखवलं, त्यात ठिणगी टाकणारा प्लग नव्हता. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पडला की तो पेटतो. म्हणजे आपल्या ट्रकला तीन गोष्टी लागतात: पुरती दाबलेली हवा, धुक्यासारखा बारीक फवारा आणि नेमकी वेळ. यातली एक हुकली की तो ठोका गेला. टाटाचं 697 इंजिन घ्या. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर, म्हणून नाव 697. क्रँकच्या दोन फेऱ्यांत सहा ठोके, तेही एक-पाच-तीन-सहा-दोन-चार या क्रमाने. स्लोवर इंजिन मिनिटाला सहाशे फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पाच वेळा पेटतो. त्यातला एक बंद पडला तर पाच उरतात, पण हिशेब तिथे संपत नाही. त्या मेलेल्या सिलिंडरचा पिस्टनही बाकीच्या पाचांनाच ओढावा लागतो. गाडी चढाला दम टाकते, डिझेल जास्त खाते. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि चेंबरमधलं ऑइल पातळ करतं. तेच पातळ ऑइल पुढे बेअरिंग खातं. म्हणून ‘हंगाम काढू, मग बघू’ म्हणणाऱ्याला मी हात जोडतो.

हे ज्ञान आपल्याला परकं नाही. टेल्कोने डाइम्लर-बेंझबरोबर 1954 साली करार केला आणि ट्रक बांधायला घेतले, पण खेड्यातल्या माणसाचा हात डिझेलवर बसला तो विहिरीवरच्या ऑइल इंजिनामुळे. विजेच्या मोटारी येण्याआधी ज्यांनी पहाटे हँडल मारून किर्लोस्करचं इंजिन चालू केलं आहे, त्यांना डिझेलच्या वाटेत हवा धरणं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या म्हाताऱ्यांना ते येतं. ट्रकपुढे मात्र तीच माणसं बुजतात, याचं मला वाईट वाटतं.

माझ्या वडिलांचा ट्रक एका वर्षी असाच मिसिंग मारायला लागला. गावाबाहेरच्या एका मिस्त्रीने सहाही नोजल बदलले. मिसिंग तसंच. मग पंप उतरवून सेटिंगला पाठवला. तरी तसंच. शेवटी आमच्या विहिरीवर इंजिन चालवणारे एक चुलते आले. त्यांनी टाकीपासून फीड पंपापर्यंतचा रबरी पाईप हाताने वाकवून पाहिला. क्लिपच्या खाली केसाएवढी भेग होती. तीन महिन्यांची कमाई गेली होती आणि दुखणं वीतभर पाईपचं निघालं.

ती भेग कुणाला दिसली का नाही? कारण तिथून डिझेल गळत नव्हतं. टाकी ते फीड पंप हा ओढीचा भाग. इथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. पाईप कोरडा आहे म्हणून तो चांगला, असं समजू नका. शंका असेल तर त्या जागी थोडा वेळ पारदर्शक नळी लावा आणि बुडबुडे दिसतात का पाहा. तसंच, चार महिने पावसात उभ्या ट्रकच्या टाकीत तळाला पाणी साचतं. ड्रेन नट ढिला करून काचेच्या बाटलीत पहिलं डिझेल घ्या आणि तासभर ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळं बसेल. मग फिल्टर बदला, फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारा आणि फेस जाऊन अखंड धार येईपर्यंत थांबू नका. माझ्या पाहण्यातली अर्धी मिसिंग इथेच संपली आहेत, आणि खर्च झाला तो फिल्टरचा आणि क्लिपचा.

एवढं करूनही लंगडणं राहिलं तर मेलेला सिलिंडर शोधायचा. सकाळी गार इंजिन चालू करा आणि मिनिटभराने सायलेंसरच्या मॅनिफोल्डवर, प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी पाण्याचा एकेक थेंब टाका. जिथे ठोका पडतो तिथे थेंब चर्र करून उडतो. जिथे तो नुसता बसून राहतो, तो आपला रोगी. जुन्या पंपाच्या गाडीत आणखी एक खात्रीची परीक्षा आहे. इंजिन स्लोवर ठेवायचं, नोजलकडे जाणाऱ्या पाईपच्या नटाभोवती फडकं गुंडाळायचं आणि नट अर्धा फेरा ढिला करायचा. चालू सिलिंडरचा नट ढिला केला की आवाज लगेच पडतो. बंद सिलिंडरचा ढिला केला तर आवाजात काहीच फरक पडत नाही. त्या न बदलणाऱ्या आवाजाकडे कान द्या.

समजा तीन नंबर निघाला. लगेच नवा नोजल आणू नका. तीनचा नोजल चारला आणि चारचा तीनला लावा. मिसिंग चारला गेलं तर नोजल खराब. तीनलाच राहिलं तर दोष त्या सिलिंडरच्या दाबात, टॅपेटच्या सेटिंगमध्ये किंवा पंपाच्या त्या एलिमेंटमध्ये. नोजल काढल्यावर खाली चिकटलेला तांब्याचा वायसर बाहेर आलाच पाहिजे. तो आत राहिला आणि वर दुसरा बसला तर नोजल उंच बसतो, फवारा बिघडतो आणि माणूस नव्या नोजलला दोष देत बसतो. नवा वायसर मिळाला नाही तर जुना लाल होईपर्यंत तापवून गार करा. तांबं मऊ पडतं आणि पुन्हा घट्ट बसतं.

टॅपेटचं अंतर फिलर गेजने, गाडीच्या पुस्तकात दिलं आहे तेवढंच ठेवा. ऑइल भरायचं झाकण काढल्यावर तिथून भकाभका धूर येत असेल किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे उठत असतील, तर दुखणं रिंग-पिस्टनचं किंवा गॅस्केटचं आहे. ते झाडाखालचं काम नव्हे. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन गार असतानाच काढायचं. नोजलचा दाब आणि पंपाचं कॅलिब्रेशनही बेंचवरच होतं. नाशिकला सातपूरमध्ये मायकोने कारखाना उभारून नोजल बनवले ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापात. ते सुईने टोकरून नीट होत नाहीत.

आता जी गोष्ट मी प्रत्येक पोराला बजावतो ती. जुन्या गाडीचा नोजल साधारण दोनशे बारला उघडतो, म्हणजे ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे पंचवीस पट दाबाला. तो फवारा बोटाला लागला तर कातडीत शिरतो. वर नुसता टिपका दिसतो, पहिल्यांदा फार दुखतही नाही, आणि काही तासांत बोट काळं पडू शकतं. हळद लावून घरी बसायचं नाही. त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ हेच शब्द सांगायचे.

आणि 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस सहा गाड्या, शिवाय त्याआधीच्या ज्या ज्या कॉमन रेल गाड्या आहेत, त्यांचा नट इंजिन चालू असताना ढिला करायचाच नाही. तिथे दाब हजार बारच्याही वर जातो. त्यांचा बंद सिलिंडर स्कॅनर लावून शोधतात. पण स्कॅनरही एकेक सिलिंडर बंद करून आवाज आणि फेरे बघतो, म्हणजे आपल्या नट ढिला करण्याच्याच वाटेने जातो. डिझेलमधलं पाणी, फिल्टर आणि पाईप या गाड्यांतही तुम्हालाच पाहायचे आहेत. उलट जास्तच काळजीने, कारण तिथे पाण्याचा एक घोट फार महाग पडतो.

ज्यांच्या जुन्या गाड्या मिसिंग मारत असतील त्यांनी उद्या सकाळी त्या इथेच मैदानात आणाव्यात. घरून निघताना हेच लंगडणं घेऊन निघा, काही खोलू नका. गाड्या उजाडायच्या आत आणून लावा आणि बंद करून ठेवा. मी नऊला येतो, तोवर इंजिन पुरतं गार झालं पाहिजे. येताना एक तांब्याभर पाणी आणा.