मत असतं, मग बोलत का नाही?



कापूस वेचायला गेलं की हात चालतात आणि तोंडही चालतं. पराटीच्या एका ओळीत मी, शेजारच्या ओळीत तुम्ही. वावरात कोणता विषय निघत नाही सांगा! कालच्या मालिकेत सून चुकली की सासू? कोणता नेता पक्ष सोडून कुठे गेला? लाडक्या बहिणीचे पंधराशे आले, पण कापसाला भाव कुठे आहे? २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा आमच्या वावरात आठवडाभर भांडण चाललं होतं. कोणी म्हणे, आर्चीनं घर सोडायला नको होतं. कोणी म्हणे, पोरीनं प्रेम केलं म्हणून तिला मारून टाकायचं का? बुलेट चालवणारी ती पोरगी मात्र सगळ्यांनाच आवडली होती.

बायांना काय कळतं, असं म्हणणाऱ्यानं एक दिवस आमच्यासोबत वेचणीला यावं.

आपल्या भाषेत 'मत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मत आपण पाच वर्षांनी देतो. ते गुपित असतं, बटण दाबलं की झालं. दुसरं मत आपण रोज बाळगतो. ते चारचौघांत सांगावं लागतं, म्हणून तेच आपण गिळून टाकतो. मालिकेतल्या सुनेबद्दल मोठ्यानं बोलतो, कारण ती काही आपल्या दारात भांडायला येत नाही. पण गोष्ट आपल्या घरची, आपल्या शेजारची असली की आपण गप्प. ही गोष्ट मी स्वतःवरूनच सांगते.

आमच्या बचत गटात आम्ही अकरा जणी. दोघींचे नवरे वारलेले. गटाची सचिव त्या दोघींपैकीच एक. दर महिन्याचे शंभर रुपये तीच गोळा करते, वही तीच लिहिते, कर्जासाठी बँकेत चकरा तिनेच मारल्या. त्या कर्जावर माझ्या घरी शिलाई मशीन आलं. संक्रांतीला आम्ही गटाचं हळदीकुंकू ठेवलं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या, त्याही तिनेच मोजून घेतल्या. हळदीकुंकू लावायचं काम माझ्याकडे होतं. एकेकीला लावत मी तिच्यापुढे आले आणि माझा हात थांबला. तीच हळूच म्हणाली, "राहू दे बाई, पुढं जा." आणि मी पुढे गेले.

विधवेला असं वेगळं काढू नये, हे मी वावरात कितीदा बोलले असेन! मत तोंडात होतं, पण हातात उतरलं नाही.

हात का थांबला? लोक काय म्हणतील, ही एक भीती. दुसरी भीती त्याहून खोल. आपण रीत मोडली आणि घरच्या माणसाला काही झालं तर? या भीतीला मी हसणार नाही, कारण ती माझ्याही मनात होती. पण मग विचार केला, तिनं तर सगळ्या रीती पाळल्या होत्या. वटसावित्रीचा एकही उपवास तिनं कधी सोडला नव्हता. माणूस आजारानं जातो, अपघातानं जातो, आपल्या भागात तर कर्जापायीही गेला. त्यात बायकोच्या कपाळाचा काय दोष?

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं होत होती, तेव्हा ४ मे २०२२ ला या गावच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा आदर्श घ्यायला सांगितलं.

कागदावर ठराव झाला म्हणून घराघरातली रीत एका दिवसात जात नाही. पण ठरावानं बाईला आधार मिळतो. दुःखाच्या वेळी चार जणी बांगड्या फोडायला पुढे आल्या, तर सून किंवा लेक म्हणू शकते, "थांबा, गावानं ठरवलंय." एकटीचं मत गावाचं होतं, तेव्हा त्याला जोर येतो.

आणि आपला वर्धा जिल्हा यात मागे नव्हता. १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या पत्नी जानकीदेवी यांनी पडदा सोडला, अंगावरचे दागिने उतरवले. त्यांनी मत फक्त सांगितलं नाही, आधी आपल्या घरात करून दाखवलं.

आपण काय करू शकतो? कायद्यानं प्रत्येक नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. आपण तिथे जातो का? की सही करून परत येतो? पुढच्या वेळी सही करण्याआधी एक विषय मांडा, आणि तो तुमच्यासमोर वहीत लिहून घ्यायला सांगा. ग्रामसभेच्या कोरमला गावातले १५ टक्के मतदार किंवा शंभर जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. म्हणजे गावातले चार-पाच गट मिळून निघाले, तर अर्धा कोरम आपलाच!

तिथवर जायचा धीर होत नसेल, तर गटापासून सुरुवात करा. आम्ही तेच केलं. पुढच्या संक्रांतीआधी गटाच्या वहीत लिहिलं, की हळदीकुंकवात सगळ्या सभासद सारख्या. एक जण त्या दिवशी आलीच नाही. आम्ही तिला गटातून काढलं नाही, तिचं वाण घरी पोहोचवलं. तिचंही मत आहे, बदलेल तेव्हा बदलेल.

मी सचिवबाईपुढे गेले. या वेळी आधी विचारलं, "लावू का?" ती म्हणाली, "कुंकू नको, हळद लाव. पण विचारलंस, ते बरं केलंस." दुसरीनं मात्र दोन्ही लावून घेतलं आणि हातातल्या आरशात कितीतरी वेळ बघत राहिली.

कुंकू लावायचं की नाही, हे त्या बाईनं ठरवायचं. आपण तिला ओलांडून पुढे जायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, मालिकांवर बोला, पुढाऱ्यांवर बोला, जरूर बोला. पण घरी जाताना स्वतःला एक विचारा. माझं असं कोणतं मत आहे, जे मी वावरात बोलते आणि दारात आले की गिळते? ते एक मत या महिन्याच्या बैठकीत मांडून पाहा.