पितळेचा तुकडा

कुणी बसमध्ये असाल, कुणी रात्री दिवे बंद करून कानात इअरफोन घालून पडला असाल. आजचा विषय जरा टोचणारा आहे. गळ्यात क्रॉस, गाडीत क्रॉस, डीपीवर वचन. ठीक आहे. पण भरवसा नक्की कुणावर आहे?

बायबलमधली एक गोष्ट घेऊ. गणना, अध्याय 21. इस्राएल लोक रानात कुरकुर करतात, त्यांना विषारी साप चावतात, माणसं मरतात. ते पश्चात्ताप करतात तेव्हा देव मोशेला साप बनवून खांबावर लावायला सांगतो. मोशे पितळेचा साप करतो. ज्याला साप चावलाय त्याने त्याच्याकडे बघितलं की तो वाचायचा. लक्षात घ्या, ही कल्पना मोशेची नव्हती, खुद्द देवाची होती.

आता काही शतकं पुढे या. 2 राजे, अध्याय 18. यहूदाचा राजा हिज्कीया तोच साप फोडून टाकतो. का? कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते. त्याचं नाव नहुश्तान. हिब्रूमधले साप आणि पितळ हे दोन्ही शब्द त्या नावात ऐकू येतात. विचार करा, मोशेच्या हातची वस्तू! आज असती तर आपण काचेच्या पेटीत ठेवली असती. हिज्कीयाने ती फोडली, आणि बायबल त्याचं कौतुक करतं.

दुसरी गोष्ट 1 शमुवेल, अध्याय 4 मधली. पलिष्ट्यांशी लढाई हरल्यावर इस्राएल लोक कराराचा कोश रणांगणावर आणतात. कोश आला म्हणजे जिंकलोच! छावणीत केवढा जल्लोष. पण त्या दिवशी 30,000 माणसं पडली आणि कोशही शत्रूने नेला. देवाकडे वळायचं सोडून त्यांनी नुसती पेटी उचलून आणली होती.

मध्यंतरी एका मुलीचा मेसेज आला. एमआरआयच्या आधी गळ्यातला क्रॉस काढायला लावला. तिने लिहिलं, "दादा, मशीनमध्ये जाताना वाटलं, आता मी एकटीच." तिला हसू नका. भीतीत माणूस हाताला लागेल ते धरतो. मी तिला एवढंच लिहिलं की चेन ट्रेमध्ये राहिली, येशू ट्रेमध्ये राहिला नाही. तो तुझ्यासोबत आत आला होता.

मी दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये असतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. फोनवरचा आयकॉन म्हणजे ॲप नव्हे. आत ॲपच नसेल, तर कितीही वेळा टॅप करा, काही उघडणार नाही. पण आयकॉन वाईट असतो का? नाही. तो दार दाखवतो.

म्हणून उद्या उठून कुणाच्या गळ्यातला क्रॉस, कुणाच्या हातातली माळ यावर बोट ठेवू नका. मत्तय 23 मध्ये येशू परूश्यांना दिखाव्यावरून बोलतो, गोंडे लांब करण्यावरून बोलतो. पण "मी काहीच घालत नाही, म्हणून माझा विश्वास शुद्ध," हासुद्धा एक लांब गोंडाच आहे, बरं का!

आपल्या मराठी मंडळींनी हा प्रश्न जगून पाहिलाय. कवी नारायण वामन टिळक यांना ख्रिस्त हवा होता, पण त्यासोबत आलेला परदेशी पेहराव नको होता. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात गायलं. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. अर्थात टाळ-चिपळ्या हेही साधनच. त्याचाही नहुश्तान होऊ शकतो.

मग ओळखायचं कसं? स्वतःला विचारा: ही वस्तू हरवली तर माझी प्रार्थना थांबेल का? आणि ती अंगावर असताना मी ऑफिसच्या हाउसकीपिंगच्या काकांशी कसा बोलतो? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

या आठवड्यात एक करून बघा. रोज दहा मिनिटं दार लावून प्रार्थना. फोन बाहेर. स्टेटस नाही, फोटो नाही, कुणाला सांगायचं नाही. पहिले दोन दिवस रिकामं वाटेल. वाटू दे. तिथेच बसा, बाप ऐकतोय.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. देव तुम्हाला आशीर्वाद देवो.