बालकांचे हस्ताक्षर : हाताला वळण, मनाला आधार



'सुंदर हस्ताक्षर हा खरा दागिना आहे' हा सुविचार अनेक शाळांच्या भिंतींवर रंगवलेला असतो. विचार चांगला आहे, परंतु त्यातून एक गैरसमजही पसरतो. दागिना विकत आणून अंगावर घालता येतो. अक्षर तसे घालता येत नाही. ते हाताच्या स्नायूंत, डोळ्यांच्या सवयीत आणि मनाच्या स्वस्थतेत हळूहळू घडत जाते. ज्या घरी याचा विसर पडतो, तेथे संध्याकाळचा गृहपाठ म्हणजे रडारड ठरते. पहिली-दुसरीतले मूल अर्धे पान लिहिते. 'हे काय कोंबडीचे पाय काढलेस?' असे म्हणून मोठी माणसे ते पान फाडतात आणि तेच दहा वेळा लिहायला लावतात. दहाव्या वेळचे अक्षर पहिल्याहून वाईट येते, कारण तोवर बोटे दुखू लागलेली असतात आणि डोळे भरून आलेले असतात. त्या संध्याकाळी मूल अक्षर शिकत नाही. लेखनाचा तिटकारा मात्र शिकते. पुढे उत्तर येत असूनही ते लिहिण्याचा कंटाळा करणारी मुले पुष्कळदा अशाच संध्याकाळींतून तयार होतात.

प्रथम बालकाचा हात समजून घेतला पाहिजे. मनगटात 8 लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेच्या रूपात असतात आणि वयाबरोबर एकेक हाड कठीण होत जाते. शेवटच्या हाडाला ते रूप साधारणपणे 9 ते 12 वर्षांच्या दरम्यान येऊ लागते. तेव्हा सहा वर्षांच्या हाताकडून मोठ्यांच्या हाताची अपेक्षा करणे हा त्या हातावर अन्यायच होय. या वयात लेखनाची खरी तयारी वहीबाहेर होते. कणकेचे गोळे वळणे, मटार सोलणे, मणी ओवणे, मातीची खेळणी करणे, कात्रीने कागद कापणे ही कामे बोटांना बळ देतात. रांगोळीची चिमूट अंगठा, तर्जनी आणि मध्यमा या तीन बोटांत धरली जाते. पेन्सिलही याच तीन बोटांत धरायची असते. आजीच्या शेजारी बसून दारात ठिपके घालणारे मूल नकळत लेखनाचाच अभ्यास करीत असते.

महात्मा गांधींनी 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराबद्दल खंत व्यक्त केली आहे. चांगले अक्षर हा शिक्षणाचा आवश्यक भाग नव्हे, अशी त्यांची बालपणी समजूत होती. दक्षिण आफ्रिकेत वकिलांची आणि तरुणांची मोत्यासारखी अक्षरे पाहून त्यांना पश्चात्ताप झाला. पण तोवर हात एका वळणावर स्थिरावला होता. या अनुभवातून त्यांनी काढलेला निष्कर्ष पालकांनी ध्यानात ठेवावा असा आहे : मुलांना आधी चित्रकला शिकवावी आणि फूल, पक्षी पाहून जसे चित्र काढतात, तसे अक्षरही पाहून काढायला शिकवावे.

पाहणे आणि स्पर्श यांचे महत्त्व जुन्या पंतोजींनाही ठाऊक होते. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवण्याची आपल्याकडील रीत आणि मारिया माँटेसरी यांनी वापरलेली खरखरीत कागदाची अक्षरे यांमागील तत्त्व एकच आहे. बोटाला वळण समजले की पेन्सिलीला ते समजावणे सोपे जाते. आजही ताटात थोडा रवा किंवा बारीक वाळू पसरून ही धूळपाटी घरी करता येते. चुकलेले अक्षर ताट हलवले की पुसले जाते. खाडाखोड दिसत नाही आणि मुलाला भीतीही राहत नाही.

यानंतर बैठक. पाटण, जेसलमेर, खंभात येथील ज्ञानभांडारांत जतन झालेल्या हस्तलिखितांपुढे आपण ज्ञानपंचमीला श्रद्धेने नतमस्तक होतो. जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस पुष्कळदा लेखनिकाची एक विनवणी आढळते : पाठ, कंबर आणि मान मोडून, खाली मुख करून, कष्टाने हा ग्रंथ लिहिला आहे, तो जपून ठेवावा. निष्णात लेखनिकांची पाठ जेथे दुखे, तेथे बालकाला पलंगावर पालथे पडून किंवा मांडीवर वही धरून लिहू देणे योग्य नव्हे. खुर्चीवर बसल्यास पाय जमिनीला अथवा पाटाला टेकलेले असावेत. जमिनीवर बसल्यास पेढीवर असे तसे उतरते डेस्क किंवा योग्य उंचीचा चौरंग पुढे असावा. न लिहिणाऱ्या हाताने वही धरलेली असावी. पेन्सिल आखूड असली तर ती मुठीत धरता येत नाही, बोटांतच धरावी लागते. म्हणून पेन्सिलीचे तुकडे टाकून देऊ नयेत. आणि वेळ? दररोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. रविवारी सलग दोन तास बसवण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे अधिक फळ देतात.

देवनागरी लिपीचा स्वतःचा एक स्वभाव आहे. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी राहतात. देवनागरी अक्षरे वरच्या रेषेला टांगलेली असतात. इंग्रजी माध्यमातील मूल दोन्ही लिप्या एकाच वेळी शिकते, तेव्हा त्याचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. तो आळस नव्हे. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदी पुस्तकातील वळणांहून वेगळी असतात, हेही मुलाला प्रेमाने दाखवावे. महाराष्ट्र शासनाने 2009 साली देवनागरी लिपीच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला, त्यात या मराठी वळणांना स्थान दिले आहे. अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने गिरवण्यापेक्षा वळणांच्या कुटुंबांनुसार घ्यावीत : ग, म, न, भ एकत्र, व, ब, क एकत्र, ट, ठ, ढ एकत्र. एक वळण साधले की तीन-चार अक्षरे साधतात. शब्द पूर्ण झाल्यावर डावीकडून उजवीकडे एकच सरळ शिरोरेषा द्यावी.

समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथाच्या शेवटापर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. यातील मर्म नक्षीत नाही, सारखेपणात आहे. अक्षरांची उंची सारखी, दोन शब्दांतील अंतर सारखे आणि शिरोरेषा सरळ, एवढे साधले तरी साधे अक्षरही देखणे दिसते.

दोन प्रकारच्या मुलांविषयी मात्र विशेष सावधगिरी हवी. पहिले डावखुरे मूल. त्याचा हात बदलण्याचा आग्रह धरू नये. त्याची वही थोडी उजवीकडे कलती ठेवावी आणि पेन्सिल टोकापासून जरा वर धरू द्यावी, म्हणजे लिहिलेले त्याला दिसते. दुसरे मूल असे, की जे तोंडी सर्व सांगते, परंतु नियमित सराव होऊनही ज्याचे लेखन सुधारत नाही. अक्षरे उलटी येतात, ओळ सुटते, हात लवकर थकतो. अशा मुलास लेखन-अक्षमता, म्हणजे डिसग्राफिया, असू शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. येथे शिक्षेचा नव्हे, तज्ज्ञांच्या तपासणीचा मार्ग धरावा. जे मूल करू शकत नाही, त्याला 'करत नाही' असे म्हणणे हीदेखील एक हिंसाच आहे.

शेवटी एक साधा उपाय. तपासताना लाल शाईने चुकांवर गोल करण्याची सवय सर्वांना आहे. त्याऐवजी पानावरील सर्वांत चांगले अक्षर मुलालाच शोधायला सांगावे आणि त्याभोवती गोल काढावा. दुसऱ्या दिवशी तेच अक्षर त्याचा कित्ता ठरेल. दुसऱ्याच्या अक्षराशी तुलना झाली की मूल खचते. स्वतःच्या उत्तम अक्षराशी तुलना झाली की ते पुढे सरकते. दर महिन्याचे एक पान तारीख घालून जपून ठेवावे. सहा महिन्यांनी ती पाने एका ओळीत मांडली, की झालेली प्रगती मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहील.

ज्या समाजाने ग्रंथ लिहविणे, जपणे आणि पूजणे हे पुण्यकर्म मानले, त्या समाजातील प्रत्येक बालकाला लेखणी जवळची वाटली पाहिजे. त्यासाठी महागडे वर्ग लागत नाहीत. एक धूळपाटी, एक आखूड पेन्सिल, एक दुरेघी वही आणि शेजारी शांतपणे बसलेले एक मोठे माणूस, एवढी सामग्री पुरेशी आहे. यांतील पहिल्या तीन वस्तू बाजारात मिळतात. चौथी प्रत्येक घराने स्वतः द्यायची आहे.