उपकरण रुसते तेव्हा
(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त भरलेल्या विद्यार्थी प्रकल्प प्रदर्शनाच्या समारोपात केलेल्या भाषणाचा सारांश)



आज तुमचे प्रकल्प पाहताना एक वाक्य वारंवार कानी आले : 'सर, ऐन वेळी उपकरण बिघडले, नाहीतर...' या 'नाहीतर'विषयीच मला दोन शब्द बोलायचे आहेत.

१९६५ साली जोसलिन बेल ही विद्यार्थिनी संशोधनासाठी केंब्रिजला आली. तिला तयार उपकरण मिळाले नाही. साडेचार एकरांच्या माळावर हजाराहून अधिक खांब ठोकून, त्यांवर मैलोगणती तारा ओढून रेडिओ दुर्बीण उभारण्यात तिची आणि तिच्या मोजक्या सहकाऱ्यांची दोन वर्षे गेली. १९६७च्या जुलैत दुर्बीण सुरू झाली. रोज सुमारे शंभर फूट कागदावर आलेख उमटे आणि जोसलिन तो डोळ्यांनी वाची.

त्यात एके ठिकाणी जेमतेम पाव इंचाची विचित्र खूण दिसू लागली. बारकाईने नोंद घ्यावी म्हणून तिने वेगवान आलेखयंत्र लावले, तर खूणच नाहीशी! ती रोज वेधशाळेत जात राहिली. अखेर २८ नोव्हेंबरला स्पंदने उमटली. दर सव्वा सेकंदाहून किंचित अधिक काळाने एक. मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना हा मानवनिर्मित व्यत्यय वाटला. दोष उपकरणाचा तर नाही ना, हे पाहण्यासाठी दुसऱ्या दुर्बिणीतून वेध घेतला. ठरलेल्या वेळी काहीच उमटले नाही. मंडळी परतू लागली, आणि पाच मिनिटांनी स्पंदने आली. चूक वेळेच्या गणितात होती!

२१ डिसेंबरच्या रात्री आकाशाच्या दुसऱ्या भागातही तशीच खूण असल्याचा तिला संशय आला. कडाक्याच्या थंडीत दुर्बिणीची ग्रहणक्षमता ढासळली होती. जोसलिनने कळा खालीवर केल्या, यंत्रावर फुंकरी घातल्या, चार शिव्याही हासडल्या. दुर्बीण पाचच मिनिटे नीट चालली. पण तीच पाच मिनिटे हवी होती. दुसरा स्पंदक तारा सापडला. आकाशाच्या दोन टोकांकडून असे संदेश येतात म्हटल्यावर परग्रहवासीयांची शंकाही मिटली.

याला निव्वळ दैव म्हणू नका. जिने खांब ठोकले, तारा जोडल्या, तिलाच यंत्राचा दोष कोणता आणि निसर्गाची खूण कोणती, हे ओळखता आले. बिघाड हा संशोधनातील खंड नव्हे, तो संशोधनाचाच भाग आहे. म्हणून वहीत बिघाडाची नोंद करा : केव्हा झाला, कशाने झाला, त्या काळातील कोणती निरीक्षणे संशयास्पद आहेत. रिकाम्या रकान्यात अंदाजाचे आकडे मात्र कधीही भरू नका. रिकामा रकाना ही उणीव आहे. खोटा आकडा हा अपराध आहे.

आपल्या नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण याच स्पंदक ताऱ्यांचा वेध घेते. ती अवश्य पाहून या. आणि उद्या आपल्या बिघडलेल्या उपकरणाचे झाकण स्वतःच्या हाताने उघडा.