तारीख आणि तारखेची अक्षरे

शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख '3/4/62' अशी लिहिलेली असते. गुरुजींच्या लेखी ती 3 एप्रिल. अमेरिकी रीतीवर बसवलेला संगणक तीच 4 मार्च धरतो, आणि तोंडातून अवाक्षर काढीत नाही. माणसाच्या नोकरीचा एक महिना त्यात जातो! '25/4/62' आले की मात्र तो अडतो. पंचविसावा महिना आणायचा कुठून? मग ती नुसती अक्षरेच राहतात, आणि अक्षरांच्या क्रमात '10/6' ही '2/6'च्या आधी येते. साल नुसते '25' लिहिले, तर आजोबा 2025 साली जन्मतात.

तारीख म्हणजे संगणकाच्या लेखी दिवसांची मोजणी. एक्सेलमध्ये 1 जानेवारी 1900 हा 1, तर मराठवाडा मुक्त झाला तो 17 सप्टेंबर 1948 हा 17793. म्हणून त्याला आधी बजावावे लागते : पहिला दिवस, मग महिना, मग चार आकडी साल.

आमच्या पडेगावकडच्या जुन्या निजामी कागदांवर फसली साल सापडते. ते ऑक्टोबरात पालटे. मुक्तीचे साल फसली 1357. त्यात 590 मिळवले तर 1947 येते, सप्टेंबरसाठी 591 हवेत. आजूर, बहमन हे महिने संगणकाच्या गावीही नाहीत. तिथे कोष्टक आपणच करून द्यावे. मूळ अक्षरांचा रकाना मात्र पुसू नये.