व्यासपीठावर कोण?



क्रोएशियाची राजधानी झाग्रेब. तिथं १८४२ साली ‘मातित्सा ह्र्वात्स्का’ ही संस्था निघाली, तेव्हा वेगळ्या नावानं. त्या वेळी तिथल्या विधिमंडळाचा कारभार लॅटिनमध्ये चाले. लोकांच्या भाषेत पुस्तकं काढायची, नियतकालिकं चालवायची, गावोगावी शाखा उघडायच्या, हे तिचं काम.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. १४ जानेवारी १९२३ ला अमरावतीत विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला, तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मराठीला हिंदीच्या शेजारी आपली जागा राखायची होती. संघ पुढे नागपुरात गेला, त्याचं ‘युगवाणी’ हे नियतकालिक निघालं, शाखा झाल्या.

१९७३ मध्ये यवतमाळात गदिमांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्या वर्षी मातित्सा मात्र बंद होती. क्रोएशियातल्या १९७१ च्या चळवळीनंतर सरकारनंच तिचं काम थांबवलं होतं. पुस्तकं छापणाऱ्यांचीही सत्तेला भीती वाटते बघा!

आपल्याकडे संघाच्या दाराला कोणी कुलूप लावलं नाही. पण जानेवारी २०१९ मध्ये संमेलन पुन्हा यवतमाळात आलं, यजमान संघाची इथली शाखा आणि डॉ. वि. भि. कोलते ग्रंथालय. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं. संमेलन उधळण्याची धमकी आली आणि निमंत्रण मागे घेतलं गेलं. कित्येक लेखक आले नाहीत, संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. ही माघार चुकीचीच होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग उद्घाटन कोणी केलं? कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्या एका शेतकऱ्याच्या विधवा. ‘तेरवं’ या नाटकात काम केलेल्या. त्या व्यासपीठावर अध्यक्षा अरुणा ढेरे यांच्यासोबत बसल्या आणि मागे राहिलेल्या बायांच्या वतीनं बोलल्या. हे घडलं अडचणीतून, ठरवून नव्हे. ठरवून घडलं असतं तर अधिक बरं वाटलं असतं.

ठरवून करण्यासारखं अजून पुष्कळ आहे. आपल्या जिल्ह्यात केळापूर, झरी, मारेगावात कोलामी बोलली जाते, पुसद-दिग्रसच्या बंजारा तांड्यांत गोरमाटी. कोलामांच्या पोडातल्या, म्हणजे वस्तीतल्या, म्हाताऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून जिल्ह्याच्या ग्रंथालयात ठेवायची, तर शाखेला संमेलनाचा मांडव लागत नाही. एक यंत्र आणि कोलामी जाणणारा एखादा शिक्षक पुरे.